दुसरी पंगत

बास्केटबॉल हा खेळ आपल्याकडील शाळांच्या पटांगणांत आतां अपरिचित राहिलेला नाहीं. परंतु ज्या अमेरिकेंत १८९१ सालीं जेम्स नैस्मिथ नांवाच्या एका व्यायामशिक्षकानें तो निर्माण केला, तेथें तो नुसता खेळ नसून मोठा धंदा होऊन बसला आहे. या धंद्याचें सर्वोच्च पीठ म्हणजे एन्. बी. ए. ही संस्था. तिचे संघ तीस, आणि प्रत्येक संघांत पुऱ्या कराराच्या जागा पंधरा; म्हणजे सर्व मिळून साडेचारशें. त्यांवर डोळा ठेवून खेळणारे तरुण मात्र हजारांनीं मोजावे लागतात. ज्यांचें पान या पंगतींत मांडलेंच जात नाहीं, अथवा मांडून उचललें जातें, त्यांचें पुढें काय होतें, याचा थोडा विचार आज आम्ही करणार आहों.

अशा खेळाडूपुढें दोन वाटा असतात. एक वाट स्वदेशींच राहण्याची. तेथें जी लीग नांवाची दुय्यम स्पर्धा आहे. २०२२-२३ च्या हंगामांत तिचें वेतन ४०,५०० डॉलर होतें, तर वरच्या संस्थेंत नवख्या खेळाडूचें किमान वेतन दहा लाख डॉलरांहून अधिक होतें. दाराशीं बसून राहावें, केव्हां तरी आंतून हांक येईल, हा या वाटेचा हिशेब. दुसरी वाट समुद्रापलीकडची: स्पेन, तुर्कस्तान, ग्रीस, इस्रायल, चीन. तेथें नांवलौकिक कमी, पण खेळावयास मिळतें, आणि पुष्कळदां द्रव्यहि बरें मिळतें.

पी. जे. टकर याचें उदाहरण घ्यावें. २००६ सालीं टोरोंटोच्या संघानें त्यास निवडिलें. पहिल्या हंगामांत जेमतेम सतरा सामने खेळल्यावर त्यास निरोप मिळाला. पुढील पांच वर्षें हा गृहस्थ इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली व जर्मनी या देशांत खेळत होता. इस्रायलमधील होलोनच्या संघानें २००८ सालीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, त्यांत याचा वांटा मोठा होता. २०१२ सालीं जर्मनींतील बाम्बर्गच्या संघांतहि तोच मान त्याच्या वांट्यास आला. त्याच वर्षीं फीनिक्सच्या संघानें त्यास परत बोलाविलें. प्रतिपक्षाच्या उत्तमोत्तम खेळाडूंस रोखणारा म्हणून त्याची ख्याति झाली, आणि २०२१ सालीं मिल्वॉकीच्या विजयी संघांत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो उभा होता.

ही कथा सांगावयास गोड आहे. परंतु तिच्यांतून भलताच बोध निघण्याचा संभव आहे. परत येणें हेंच परदेशगमनाचें सार्थक मानिलें, तर जे परतले नाहींत त्यांचें सारें आयुष्य व्यर्थ ठरेल. काइल हाइन्स हा असाच न परतलेला. त्याची उंची सुमारें साडेसहा फूट, आणि खेळण्याची जागा मात्र जाळ्याजवळची, जेथें अमेरिकेंत त्याहून बरींच उंच माणसें लागतात. २००८ सालीं कोणत्याहि संघानें त्याची निवड केली नाहीं. इटलींतील दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेंत त्यानें आरंभ केला, आणि पुढें युरोपांतील सर्वश्रेष्ठ अशी युरोलीग स्पर्धा चार वेळां जिंकिली: २०१२ व २०१३ सालीं ग्रीसच्या ऑलिंपियाकोस संघाकडून, २०१६ व २०१९ सालीं मॉस्कोच्या सेस्का संघाकडून. एन्. बी. ए.चा एकहि सामना न खेळतां तो २०२४ सालीं निवृत्त झाला. याला अयशस्वी म्हणावयास कोणाची जीभ धजेल?

जिमर फ्रेडेट याची गोष्ट आणखी वेगळी. २०११ च्या निवडींत त्याचा क्रमांक दहावा होता, तरी अमेरिकेंत त्याचा जम बसला नाहीं. २०१६ सालीं तो शांघायला गेला आणि पुढच्याच वर्षीं तेथील एका सामन्यांत त्यानें ७३ गुण नोंदविले. २०१९ सालीं फीनिक्सनें त्यास बोलाविलें, पण थोड्याच सामन्यांनंतर तो पुन्हां परदेशीं गेला. मनुष्य तोच, हातहि तेच. एका ठिकाणीं बांकावर बसणारा, दुसऱ्या ठिकाणीं संघाचा आधार.

मात्र हें जीवन सुखाचें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. करार बहुधा एका हंगामाचा. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बहुतेक ठिकाणीं मर्यादा असते, म्हणून प्रत्येकाकडून अपेक्षा दुप्पट. चार सामने वाईट गेले कीं दुसरा माणूस येतो. पगार थकण्याचे प्रकार इतके होऊं लागले कीं, फीबा या जागतिक संस्थेनें २००७ सालीं जिनीव्हा येथें त्यासाठीं एक लवादमंडळ स्थापिलें. त्याचा निवाडा न पाळणाऱ्या संघास नवे खेळाडू नोंदविण्याची बंदी होऊं शकते. मुलांची शाळा दरसाल बदलावी, कीं बायकामुलें मागें ठेवून एकट्यानें परक्या गांवीं दिवस काढावे, हा प्रश्न मात्र कोणताहि लवाद सोडवूं शकत नाहीं.

आणि सर्वांत कठीण ती आशा. 'पुढल्या वर्षीं बोलावणें येईल' हा विचार बाविसाव्या वर्षीं बळ देतो. बत्तिसाव्या वर्षीं तोच मनुष्यास जेथें आहे तेथें रमूं देत नाहीं. म्हणून आम्हांस वाटतें, परदेशीं जावयाचें तर परतीच्या वाटेकडे पाठ करून जावें. तेथील भाषेचे चार शब्द शिकावे, तेथील प्रेक्षक आपले मानावे. बोलावणें आलें तर उत्तम. न आलें तरी झालेला खेळ वाया गेला नाहीं.

आपल्या घरोघरीं मुलांच्या परीक्षांचे निकाल लागतात, तेव्हां पहिल्या यादींत नांव आहे कीं नाहीं एवढेंच आपण पाहतों. नांव नसेल तर घरांत सुतक पडतें. अशा वेळीं या खेळाडूंची आठवण ठेवावी. दुसऱ्या पंगतीस बसलें म्हणून अन्न उष्टें होत नाहीं, आणि जेवणाराची भूकहि खोटी ठरत नाहीं.