अपरिग्रह फक्त बहिणीनेच पाळायचा का?



मुलीने माहेरच्या घरातला हिस्सा मागितला की आपल्या समाजात सगळ्यांना एकदम अपरिग्रह आठवतो. "पुण्याईनं भरपूर आहे तुला, सोड आता," असं सांगणाऱ्या बहुतेक आपण बायकाच असतो. भावाला मात्र हे व्रत कुणी ऐकवत नाही.

वारसाला आपल्या जैनांनाही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं. २००५ मध्ये हा हक्क देशभरातल्या मुलींना मिळाला, विवाहितांनाही. आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो जन्मानेच मिळतो.

तरी भांडण मिटत नाही. वाटपाचा हुकूमनामा होतो, अपील फेटाळलं जातं, आणि ताब्यासाठी बहिणीला पुन्हा दरखास्त लावावी लागते. मग हरकती सुरू. भाऊ म्हणतो, हुकूमनामाच चुकीचा. पुतण्या म्हणतो, माझा हक्क वेगळा. नंतर कुणी भाडेकरू उभा राहतो. बेलीफ दारातून परत जातो.

खरी हरकत ऐकलीच पाहिजे. पण दरखास्तीत मूळ वाद पुन्हा उकरता येत नाही, हे वकिलाला ठाऊक असतं. तरी हरकत घेतात, कारण बहीण थकायला हवी असते.

२०२१ मध्ये राहुल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, खोट्या हरकतीवर खर्च बसवा. तरी २०२५ मध्ये देशात आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून होत्या. सर्वांत जास्त आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत.

कॉमर्स शिकलेल्या कुणालाही विचारा. दुसऱ्याची रक्कम आपल्याकडे असेल तर ती देणं म्हणून लिहायची असते, उत्पन्न म्हणून नाही. धर्मही तेच सांगतो. न दिलेलं ठेवून घेणं अचौर्यात बसत नाही.

हिस्सा सोडायचा तर बहिणीने स्वखुशीने सोडावा. ते दान. थकवून घेतलेल्या हक्कसोडपत्राला दान म्हणू नका. आणि "थांब जरा" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत बारा वर्षांची आहे.

दशलक्षणात उत्तम क्षमा मागायच्या आधी भावाने ताबा द्यावा. आणि हे त्याला त्याच्या आईने, बायकोने, म्हणजे आपणच सांगायला हवं.