फुटतो टायर, दोष चालकाचा!

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेची वाळू किंवा चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज वाहणाऱ्या ट्रकचा टायर फुटला, की मालकांचा निकाल तयार असतो : ‘टायर रिमोल्डचा होता, चालकाने पाहावयास नको होते काय?’

परंतु रिमोल्ड हा मुळात गुन्हा नव्हेच. सांगाडा धड असेल, तर झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून उष्णतेने पक्के करणे ही जगन्मान्य पद्धत आहे. विमानांनाही असे टायर बसवितात. अतिभाराने आणि कमी हवेने टायर तापतो. सांगाडाच खचलेला असेल, तर चढविलेले रबर सालीसारखे सुटते.

मग हा भार लादतो कोण? खेपेवर मजुरी ठरवून जादा टन भरावयास लावणारा मालक! २०१८ साली सरकारने चार टायरांच्या एक्सलची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. नफ्याची भूक तेवढ्यानेही भागली नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये अतिभारास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. तो गाडी हाकणाऱ्याप्रमाणेच हाकावयास लावणाऱ्यासही लागू आहे. तरीही मानगूट धरली जाते ती चालकाची!

म्हणून वाहतूक कामगारांची मागणी स्पष्ट हवी : पुढच्या चाकांना रिमोल्ड नको, सांगाड्याची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, दंड भार लादणाऱ्याकडून वसूल करावा. स्वस्त टायर मालकाने जरूर वापरावा. स्वस्त जीव मात्र त्याला मिळता कामा नये.