दोन, चार, सहा

गेल्या आषाढांत आम्ही एका छोट्याशा मंडळांत जाऊं लागलों. मंडळास नांव नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्ष तर मुळींच नाहीं. दर रविवारीं सायंकाळीं दहाबारा माणसें एका स्नेह्याच्या माडीवर जमतात आणि विचार करतांना माणूस कोठें व कसा घसरतो याची चर्चा करतात. बहुतेक सभासद वयानें आमच्याहून वीसपंचवीस वर्षांनीं लहान. तर्क आणि विवेक यांविषयीं आम्हीं या सदरांतून आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे. तेव्हां जिना चढतांना कांहीं शिकण्यापेक्षां चार गोष्टी शिकविण्याची हौसच मनांत अधिक होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पहिल्याच दिवशीं, चहा होतांच, एका तरुण गृहस्थानें आम्हांस एक कोडें घातलें. तो म्हणाला, "मीं एक नियम मनांत धरला आहे. त्यांत बसणारे तीन आंकडे सांगतों : दोन, चार, सहा. आतां आपण हवे तितके त्रिकूट सुचवा. तें नियमांत बसतें कीं नाहीं एवढेंच मी सांगेन. खात्री झाली म्हणजे नियम सांगा."

आम्ही मनांत हंसलों. आठ, दहा, बारा. "बसतें." वीस, बावीस, चोवीस. "बसतें." एकशें एक, एकशें तीन, एकशें पांच. "बसतें." चष्मा सांवरून आम्हीं जाहीर केलें, "प्रत्येक आंकडा मागच्याहून दोनानें अधिक."

"चूक," तो म्हणाला.

नियम एवढाच होता कीं, आंकडे चढते असावेत. एक, दोन, तीन चाललें असतें. पांच, सतरा, नऊशें हेंहि चाललें असतें. आमचा तर्क खोटा ठरूं शकेल असें एकहि त्रिकूट आम्हीं विचारलें नव्हतें! जें आधींच खरें मानलें होतें त्यालाच तीनदां मान डोलवून घेतली, आणि त्या डोलण्यास पुरावा समजलों. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानें हा प्रयोग १९६० सालीं प्रसिद्ध केला, असें मागाहून कळलें. त्याच्या २९ विद्यार्थ्यांपैकीं एकदांहि न चुकतां खऱ्या नियमापर्यंत पोंचले ते अवघे ६. हा आंकडा ऐकून आम्हांस बरें वाटलें. चूक उमगली म्हणून नव्हे. सोबत मिळाली म्हणून.

पुढील रविवार याहून कठीण गेले. आम्हीं कांहीं म्हणावें, आणि कोणीतरी शांतपणें विचारावें, "हें आपणांस कशावरून कळलें?" याचें उत्तर पुष्कळदां देतां येई. परंतु त्यामागोमाग दुसरा प्रश्न येई : "काय दिसलें तर आपण हें मत सोडाल?" या प्रश्नापुढें आमची वाचा बसे. शिक्षणाविषयींचीं, आहाराविषयींचीं, हल्लींच्या मुलांविषयींचीं आमचीं कितीतरी मतें अशीं निघालीं कीं, तीं सोडावयाची वेळ येऊं शकते हा विचारच कधीं शिवला नव्हता.

वास्तविक ही विद्या आम्हांस परकी नव्हे. न्यायशास्त्रांत गौतमानें कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वादांत दोन्ही पक्ष तत्त्व शोधीत असतात. जल्पांत जिंकणें हाच हेतु, आणि त्यासाठीं शब्दच्छल करावयासहि हरकत नाहीं. वितंडेंत स्वतःचा पक्ष मांडावयाचाच नाहीं, दुसऱ्याचा तेवढा मोडावयाचा. हे तीन शब्द आम्हीं लहानपणीं शास्त्रीबुवांच्या तोंडून ऐकले आणि परीक्षेपुरते पाठहि केले. आपण जन्मभर ज्यास वाद म्हणत आलों तो बहुतेक जल्प होता, हें कळावयास मात्र केस पिकावे लागले.

मंडळांतील सारेच वादी आहेत असेंहि कोणी समजूं नये. एक चिरंजीव तर्कदोषांचीं नांवें मुखोद्गत करून आले आहेत. समोरच्यानें तोंड उघडलें कीं ते दोषाचें नांव उच्चारतात आणि काम संपल्याप्रमाणें भिंतीस टेकतात. नांव ठेवलें म्हणजे उत्तर दिलें असें होत नाहीं. पण त्यांस हंसण्याचा अधिकार आमचा नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

श्रावणांतली गोष्ट. रात्रीं पानावर बसलों असतां आत्याबाई सहज म्हणाल्या कीं, त्यांच्या काढ्यानें सर्दी तीन दिवसांत जाते. आम्हीं लगेच विचारलें, "कशावरून?" त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांच्या अनुभवावरून." मग काय! सर्दी काढ्यावांचूनहि आठदहा दिवसांत बहुधा आपोआप जाते. काढा न घेणाऱ्यांची गणती तुम्हीं कधीं केली काय. ज्यांस गुण आला तेवढेच लक्षांत राहिले नसतील कशावरून : अशा एकामागून एक गोष्टी आम्हीं भरल्या पंक्तींत ऐकविल्या. मुलें हंसलीं. वहिनींनीं वाढावयाचें निमित्त करून तोंड फिरविलें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत.

त्यानंतर दोन आठवडे घरांत काढ्याचा वास आला नाहीं. धाकट्या पुतण्यास पडसें झालें तेव्हांहि नाहीं. अखेर एके दुपारीं, वाती वळतां वळतां, आत्याबाई मान वर न करतां म्हणाल्या, "अरे, तिकडे तुला कोणी हरवलें, कीं तूं घरीं येऊन जिंकतोस. होय ना?"

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यांत रात्र रात्र उशाशीं बसून ज्या हातांनीं काढ्याचा पेला धरला होता, तेच हात समोर वाती वळीत होते. उत्तर सुचलें नाहीं.

बेंजामिन फ्रँकलिनच्या मंडळाची आठवण आम्हांस त्या दुपारीं झाली. वयाच्या एकविसाव्या वर्षीं, १७२७ सालीं, या मुद्रकानें फिलाडेल्फियांत आपल्या स्नेह्यांचें 'जंटो' नांवाचें मंडळ काढलें. तें दर शुक्रवारीं सायंकाळीं भरे. नव्या सभासदास छातीवर हात ठेवून चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागत. सत्यावर सत्य म्हणून तुमचें प्रेम आहे काय, हा त्यांतला शेवटचा प्रश्न. पहिला निराळाच : येथें बसलेल्यांपैकीं कोणाविषयीं तुमच्या मनांत अनादर आहे काय? शिवाय ठाम विधानें करणें आणि दुसऱ्यास तोंडावर खोडून काढणें यांवर तेथें लहानसा दंड बसे. फ्रँकलिन स्वतःच पूर्वीं मोठा वादपटु होता. "निःसंशय" हा शब्द टाकून "मला वाटतें" म्हणण्याची संवय त्यानें प्रयत्नपूर्वक लावून घेतली, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. चौथ्या प्रश्नास आम्हीं तत्काळ होकार दिला असता. श्रावणांतल्या त्या पंक्तींत पहिला प्रश्न कोणीं घातला असता, तर छातीवर हात ठेवून काय सांगितलें असतें?

आत्याबाईंची आम्हीं क्षमा मागितली. आणि काढ्याचा गुण खरोखरच पाहावयाचा असेल तर तो कसा पाहावा, असें त्यांनाच विचारलें. एक वही घातली. सर्दी झालेल्या मोठ्या माणसानें रुपया उडवावा. छापा पडला तर काढा, कांटा पडला तर नुसतें गरम पाणी. मुलांस यांतून वगळलें. "आजाऱ्याचें औषध आतां रुपया ठरविणार!" म्हणून आत्याबाईंनीं एक दिवस कुरकुर केली. दुसऱ्या दिवशीं त्याच म्हणाल्या, "पण पिणाऱ्याला वासावरून कळणार कीं आपल्याला काढा मिळाला, आणि तेवढ्यानेंच त्याला बरें वाटेल. त्यापेक्षां पाण्यांतहि गूळ, वेलदोडा आणि किंचित् सुंठ घालतें. रुपया मीच उडवीन, आणि कोणाला काय दिलें तें कोणाला सांगणार नाहीं." हा मुद्दा आम्हांस सुचला नव्हता. सुंठ काढ्यांतहि असतेच, तेव्हां ती पाण्यांत घालावी कीं नाहीं, यावर दोन दिवस चर्चा होऊन ती गाळली गेली.

आजवर वहींत नऊ नोंदी झाल्या आहेत. नऊंवरून कांहींच म्हणतां येत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "मग हिंवाळा संपेपर्यंत दम धर," आत्याबाई म्हणाल्या. परवां सकाळीं ओटीवर थोरल्या बंधूंस शिंक आली; माजघरांतून आत्याबाईंनीं आणि खोलींतून आम्हीं एकदमच डोकें बाहेर काढलें.