गुरुवारचा डबा आणि दहा किलोमीटर

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असते. यंदा तिच्यातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी आणि माझ्या नवऱ्याने नाव नोंदवलं आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, घर कोंढव्यात. तो आयटीत काम करतो, मी एका शाळेत गणित शिकवते. दोघांपैकी कुणीच खेळाडू नाही. मधुमेह होण्याच्या बेतात आहे, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि एका रात्री जेवताना तो म्हणाला, ‘चल, दोघं मिळून धावू.’

घरात बातमी पसरली तसा ठरलेला प्रश्न आला. ‘अगे, बहू बी दौडनेवाली क्या?’ मी तयारीत होते. कपडे, पडदा, लोक काय म्हणतील, या सगळ्यांवर उत्तरं पाठ करून ठेवली होती. तीन महिने सराव केल्यावर आज सांगते, त्यातली निम्मीसुद्धा वापरायची वेळ आली नाही. दोन-चार दिवस कुजबुज झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले. माझी खरी अडचण घरातच होती. पहाटे साडेपाच ते सात, स्वयंपाकघरात.

मोबाइलमधल्या अ‍ॅपने आम्हा दोघांना एकच वेळापत्रक दिलं होतं. मंगळवार, गुरुवार आणि रविवार. ठरल्याप्रमाणे तो फज्रची नमाज झाली की मशिदीतून परस्पर बूट घालून निघायचा. लुल्लानगरच्या उड्डाणपुलाखालून गोळीबार मैदान, तिथून रेसकोर्सपर्यंत आणि परत. मी नमाज आटोपून कणीक मळायला घ्यायची. दोन डबे, अम्मींचा (म्हणजे माझ्या सासूबाईंचा) चहा, पाणी भरणं, सातच्या आत माझी तयारी. पहिल्या महिन्यात त्याचं धावणं आठवड्यातून तीन दिवस झालं, माझं एकच दिवस, रविवारी. महिन्याच्या शेवटी तो आपला वेग दाखवत म्हणाला, ‘तू मागे पडतेयस.’ टोमणा नव्हता तो, खरंच काळजी होती. म्हणून मला राग जास्त आला.

हा आमच्या एकट्या घराचा हिशेब नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ जातो, अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटांचा. फरक 202 मिनिटांचा. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, माझ्या आजच्या वेगाने तेवढ्या वेळात दोनदा दहा किलोमीटर धावून वर अंघोळही होईल. आणि हे आकडे सगळ्या जातीधर्मांच्या घरांचे आहेत. तेव्हा ‘आपल्या समाजातच असं’ म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही, आणि ‘बाकीच्यांतही तसंच’ म्हणून सुटकेचा श्वास सोडायचंही.

त्या रात्री आम्ही भांडलो. मग फ्रिजवर एक कागद चिकटवला. मंगळवारी तो धावणार, डबे मी करणार. गुरुवारी मी धावणार, डबे तो करणार. रविवारी दोघं तळजाईच्या टेकडीवर, आणि येताना बेकरीतून पाव. पहिल्या तीन गुरुवारी डब्यात अंडाभुर्जीच होती. शाळेतल्या मैत्रिणी वास येताच ‘आज गुरुवार का?’ म्हणून विचारायला लागल्या. अम्मींना मात्र ते बघवेना. ‘मेरा बच्चा सुबा-सुबा चूल्हे पे?’ बच्चा एकतीस वर्षांचा आहे. चौथ्या आठवड्यात त्याला भेंडी जमली, तेव्हा सगळ्यांत जास्त अम्मींनीच खाल्ली.

पण गुरुवारचा कागद लावल्यावर माझी दुसरी अडचण उघडी पडली. आता मला एकटीने जायचं होतं.

रविवारी त्याच्यासोबत धावताना रस्ता आमच्या दोघांचा असायचा. कुणी टक लावून पाहिलं तर तो शेजारी होता. पहिल्या गुरुवारी सव्वासहाला मी चौकापर्यंत गेले, पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. घरात सांगितलं, कुत्री होती. कुत्री होतीच, ते खोटं नव्हतं. पण रविवारीही ती तिथेच असतात. पुढच्या गुरुवारी निघाले. चहाच्या टपरीवरचे चाचा रोज आम्हाला पाहतात. म्हणाले, ‘आज अकेली, बेटा?’ मी थांबले, उत्तर जिभेवर होतं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘पूल के नीचे कुत्ते हैं, हात में लकडी रख.’ आणि टपरीला टेकवलेली काठी पुढे केली. ती काठी आजही आमच्या दारामागे आहे.

एकटीने धावण्यातली भीती खोटी असते, असं मी म्हणत नाही. अंधार असतो, फुटपाथ मध्येच संपतो, उलट्या बाजूने टेम्पो येतो. पण सोबतीला नवरा आहे म्हणून बाहेर पडणं आणि स्वतःच्या भरवशावर बाहेर पडणं यांत अंतर आहे, आणि ते कापायला मला दहा किलोमीटरपेक्षा जास्त दम लागला.

या दिवसांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवली. पैगंबर मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या शर्यतीची. एका प्रवासात दोघांनी शर्यत लावली आणि आयेशा पुढे गेल्या. पुढे काही काळाने, त्यांचं वजन वाढलेलं असताना, पुन्हा शर्यत झाली. या वेळी पैगंबर जिंकले आणि म्हणाले, त्या वेळची परतफेड झाली. आपल्याकडे बयानात ही हदीस नवरा-बायकोमधल्या प्रेमाचं उदाहरण म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही आठवण स्वतः आयेशांनी सांगितलेली आहे. आपण जिंकलो तेही आणि हरलो तेही, आणि वजन वाढलं होतं हेसुद्धा, न लाजता. ‘बाईने धावावं का’ हा प्रश्न त्या आठवणीत कुठेच नाही.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे, असं वाटणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. इतकं अंतर त्यांना झेपत नाही, अशी ओरड झाली आणि ती शर्यत बंद पडली ती थेट 1960 पर्यंत. 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर नंबर लावून धावत होती, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने तिला रस्त्यातच पकडून बाहेर काढायचा प्रयत्न केला. सोबत धावणाऱ्या तिच्या मित्राने त्याला धक्का देऊन बाजूला केलं. तो फोटो जगभर गाजला. फोटोत नसलेली गोष्ट अशी, की पुढे त्या दोघांचं भांडण झालं आणि तो तिला सोडून पुढे निघून गेला. कॅथरीनने शर्यत पूर्ण केली. पुण्याची मॅरेथॉन 1983 मध्ये सुरू झाली, तोवर ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन झालेलीच नव्हती. ती पहिल्यांदा झाली 1984 मध्ये, लॉस एंजेलिसला. आणि 2024 मध्ये पॅरिसला ती जिंकली सिफान हसनने. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्सकडून खेळणारी मुस्लिम मुलगी. शर्यतीत ती नेहमीच्या धावपटूंच्या कपड्यांत होती, पदक घ्यायला आली तेव्हा डोक्यावर हिजाब होता. मी स्वतः पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि स्कार्फ घालून धावते. तुम्ही काय घालायचं, ते तुम्ही ठरवा. त्या चर्चेत सकाळ घालवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता तरुण मित्रांना दोन शब्द. गेल्या तीन महिन्यांत माझ्या नवऱ्याचं खूप कौतुक झालं. ‘माशाअल्लाह, बीवी को दौडने भेजते!’ सुरुवातीला त्यालाही ते गोड लागायचं. मग एकदा लग्नाच्या दावतीत कुणीतरी तेच म्हणालं, तेव्हा तो म्हणाला, ‘भेजता नहीं भाई, वो जाती है. मैं भेंडी बनाता हूँ.’ टेबलावर हशा झाला, पण त्यानंतर कुणी ते वाक्य उच्चारलं नाही. तुमची बायको, बहीण धावत असेल, पोहत असेल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल, तर तिला परवानगी देऊन थांबू नका. परवानगी द्यायला काही लागत नाही. तिच्या सकाळीतला एक तास मोकळा करायला पहाटे उठावं लागतं, कणीक मळावी लागते, आईचा रुसवा सोसावा लागतो.

आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांनाही एक विनंती. आपल्या भागात मुलांसाठी जाळी लावलेली क्रिकेटची टर्फ दिसतात, रात्री बारापर्यंत दिवे चालू असतात. मुलींसाठी पहाटेचा एक तास त्यातलं एखादं राखून ठेवा. नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा कब्रस्तानाच्या भिंतीसोबत रस्त्यावरचे दिवे आणि सलग फुटपाथही मागा.

शर्यतीला आता दोन आठवडे राहिले आहेत. सणस मैदानापर्यंत आम्ही एकाच स्कूटरवर जाऊ. तिथून पुढे तो त्याच्या वेगाने, मी माझ्या. तो माझ्यापेक्षा सहा-सात मिनिटं आधी पोहोचेल. पोहोचू दे. परतफेड पुढच्या वर्षी बघू.

दरम्यान गुरुवारी आता मी एकटी नसते. खालच्या मजल्यावरची एक नवी सून येते, बारावीतली एक मुलगी येते, आणि पन्नाशीतल्या एक खाला बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज घालून चालायला येतात. त्यांच्या गुडघ्यांना धावणं झेपत नाही, पण काठी त्यांच्याच हातात असते. कोंढव्यात राहत असाल तर या. गुरुवारी सव्वासहाला आम्ही चहाच्या टपरीपाशी थांबतो, सहा वीसला निघतो. त्या दिवशीचा डबा कोण करणार, ते मात्र बुधवारी रात्रीच ठरवून या.