जुनी गाडी घेताना पट्टे मोजा



शाळा सुरू झाल्या की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. घरात दोन भावांचा संसार, दोघांची मिळून चार-पाच मुले, सर्वात धाकटे अजून बालवाडीत. शाळा लांब आणि बसचा भरवसा नाही. मग एकाच मोटारसायकलवर टाकीपुढे एक मूल, मागे दोन आणि शेवटी आई अशी स्वारी निघते. आता चार पैसे साठले आहेत, पतपेढीचे कर्जही मिळण्यासारखे आहे. "एखादी जुनी गाडी घ्यावी म्हणतो, कोणती घेऊ?"

मुलांच्या प्रवासाचा विषय निघाला की आपल्याला १९०१ सालची मसूर स्टेशनवरची ती संध्याकाळ आठवल्याशिवाय राहत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाल भीमराव घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले होते. महाराची मुले म्हणून एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ती मुले आणि आपली मुले यांच्यामध्ये एका मोठ्या लढ्याचे अंतर आहे. आज कामगाराच्या दारात त्याची स्वतःची गाडी उभी राहू शकते, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण त्या गाडीतून मूल सुखरूप घरी येते की नाही, याची जबाबदारीही आता आपलीच आहे.

मोटारसायकलची कसरत थांबवली पाहिजे, यात शंकाच नाही. दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसवता येतो. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठीही फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालकाला बांधायचा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. मात्र दुचाकीवरची गर्दी उचलून जुन्या गाडीत कोंबली, तर धोका कमी होत नाही, फक्त नजरेआड होतो.

म्हणून "कोणती गाडी" या प्रश्नाआधी आम्ही एक प्रश्न विचारतो. रोज एकत्र जाणारी माणसे किती, चालक धरून? तेवढे चालू स्थितीतले सीट बेल्ट ज्या गाडीत नाहीत, ती गाडी आपल्यासाठी नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो. एजंट नेहमी सीट सांगतो. "सेव्हन सीटर आहे साहेब, पोरं तर दहा बसतील." आपण पट्टे मोजावेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय बसवले तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा, पण गाडी वेगात आदळली तर मांडीवरचे मूल धरून ठेवण्याइतकी ताकद कोणत्याही आईच्या हातात नसते. आई आणि मूल मिळून एकच पट्टा लावणे त्याहून घातक, कारण आईचा सारा भार मुलावर येतो.

पट्टा तपासायलाही रीत आहे. तो शेवटपर्यंत बाहेर ओढावा. कडा विरलेल्या नाहीत ना, ते पाहावे. एकदम हिसका दिला की तो जागीच अडकला पाहिजे, आणि खटक्यात घातल्यावर आवाज होऊन पक्का बसला पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत मागच्या सीटचे खटके सीट कव्हरखाली दडपलेले असतात. ते वर काढून घ्यावेत. लहान गाड्यांत मागच्या सीटवर मधला पट्टा अनेकदा फक्त कमरेचा असतो. तीन मुलांच्या घराने हे आधीच पाहून ठेवावे. मुले नेहमी मागच्या सीटवर बसवावीत. तान्हे बाळ उलट्या तोंडाच्या बालआसनात असावे, आणि ते आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये. त्याहून मोठ्या मुलाला त्याच्या मापाचे बालआसन, आणि पुढे उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत खाली उंचवटा देणारे आसन लागते, नाहीतर खांद्याचा पट्टा मानेवर येतो.

आता गाड्यांकडे वळू. बाजारात सर्वात स्वस्त दिसते ती ओम्नी. ही गाडी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. तिला पुढे नाक नाही. पुढे बसणाऱ्याचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये जवळजवळ नुसता पत्रा असतो. मुलांच्या रोजच्या प्रवासासाठी आम्ही ती सुचवणार नाही. २०१० मध्ये आलेली ईको पाच आणि सात सीटची मिळते. तिची सरकती दारे अरुंद गल्लीत सोयीची. मात्र २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते, हे लक्षात ठेवावे. अर्टिगा २०१२ मध्ये आली. २०१९ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत तिला तीन तारे मिळाले. जुन्या बाजारातही तिची किंमत ईकोपेक्षा जास्त. दोन मोठे आणि तीन मुले एवढेच घर असेल तर वॅगन आरसारखी पाच सीटची गाडी पुरते, पण तीन बालआसने तिच्यात शेजारी शेजारी बसणे कठीण. सात सीटच्या गाडीत अगदी मागची रांग मागच्या दाराला लागून असते. तिथे धाकट्यांना बसवू नये, मोठी मुले बसवावीत.

कंपनीच्या नावाइतकेच गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हेही महत्त्वाचे. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला चालकासाठी एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारी घंटी आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधी एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक आले. २०२२ च्या आरंभापासून चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग आली. मागचे सेन्सर ही चैन समजू नका. आपल्या वस्तीत मुले गल्लीतच खेळतात, आणि गाडीच्या मागे बसलेले दोन वर्षांचे मूल आरशात दिसत नाही. पैसे तेवढेच असतील, तर २०१६ च्या चकचकीत मोठ्या गाडीपेक्षा २०२० ची साधी गाडी घ्यावी, असे आमचे मत आहे.

गाडी पाहायला दिवसा जावे आणि आपला मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. एजंटने दिलेला मिस्त्री एजंटचाच असतो. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. दारांचे चाइल्ड लॉक चालतात का, तेही पाहावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले होते. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकता येते. पायपुसण्याखाली हात घालावा, कुबट वास घ्यावा, आणि पट्टा पूर्ण ओढल्यावर आतल्या भागावर गाळाची रेघ दिसते का, ते पाहावे. वरून कितीही पॉलिश केले तरी तिथला गाळ सहसा राहून जातो.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. गाडीच्या बाजारातही हाच मार्ग उपयोगी पडतो. "आपल्याच समाजाचा माणूस आहे, फसवणार नाही," एवढ्यावर सौदा करू नये. प्रामाणिक माणसाला तपासणीचा राग येत नाही.

सीएनजीची गाडी असेल तर गॅसची नोंद आरसीवर असलीच पाहिजे. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागावा. टाकीवर फळी टाकून मुले बसवलेली गाडी दिसली तर किंमतही विचारू नका. घरगुती गॅसची नळी जोडलेली गाडी तर थेट नाकारावी.

कागदपत्रांत हयगय नको. मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेले चलन सरकारी परिवहन संकेतस्थळावर पाहता येते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "नावावर नंतर करू" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर असा खर्च येतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी म्हणूनच स्वस्त दिसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही विचारावे.

विम्याचे तर घरातल्या प्रत्येकाने ऐकावे. नुसता थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या माणसासाठी असतो. खासगी गाडीत बसलेली माणसे त्यात येत नाहीत, पॅकेज पॉलिसीत येतात, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात स्पष्ट केला. मुलांसाठी गाडी घ्यायची आणि दोन-चार हजार वाचवण्यासाठी मुलांनाच विम्याबाहेर ठेवायचे, हा कसला हिशोब? पॉलिसी चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्यावी. शेजाऱ्यांची मुले नेऊन दरमहा पैसे घ्यायचा विचार असेल, तर पांढऱ्या नंबरपाटीवर ते चालत नाही. त्यासाठी परवाना लागतो, आणि राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम आहेत. आधी आरटीओत विचारावे. नाहीतर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि शेजार कायमचा तुटेल.

कर्ज घेताना "फ्लॅट" हा शब्द कान देऊन ऐका. समजा दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज ७२,००० आणि हप्ता सुमारे ७,५५६ रुपये. तेच कर्ज १२ टक्के घटत्या शिलकीवर घेतले तर हप्ता सुमारे ६,६४३ आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या आसपास. दर तोच सांगितला, पण फरक जवळजवळ ३३ हजारांचा. फ्लॅटचा १२ टक्के म्हणजे खरा सुमारे २१ टक्के. हप्ता, इंधन, विमा आणि महिन्याला दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम यांची बेरीज घरातल्या बाईसमोर करावी. त्या बेरजेत मुलांची फी किंवा पुस्तके कापली जात असतील, तर गाडी थांबू शकते, शिक्षण थांबता कामा नये. गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. शाळेच्या वेळेला एसटी येत असेल तर तिच्यातून गेल्याने कोणाची मान खाली जात नाही.

गाडी दारात आली की सहा डिसेंबरला चैत्यभूमी आणि दसऱ्याला दीक्षाभूमी ठरलेलीच. तेव्हा "आणखी दोघे घ्या ना" असा आग्रह होतो. नाही म्हणायला जड जाते, पण पट्टे जितके, माणसे तितकीच. बाकीच्यांनी रेल्वेने जावे. मालवाहू टेम्पोत मुले उभी करून नेणे कायद्यालाही मान्य नाही आणि शीलालाही शोभत नाही. मुहूर्त, लिंबू-मिरची आणि टायरखालचा नारळ यांची आपल्याला गरज नाही. मनाला वाटले तर घरच्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील घ्यावे, आणि नारळ-पेढ्यांचे पैसे बालआसनात घालावेत.

पहिल्या दिवशी मुलांना एक नियम शिकवा. सर्वांच्या पट्ट्यांचा ‘टक्’ आवाज आल्याशिवाय बाबा किल्ली फिरवणार नाहीत. घरातल्या सर्वात धाकट्याला तो आवाज मोजायचे काम द्या. तो चुकणार नाही, आणि तुम्हांलाही चुकू देणार नाही.

जयभीम!