‘काही होत नाही’ या वाक्याविषयी

“काई होत नाई जी. मी नाही का घेतली?” 2021 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कामरगावात घरोघर फिरणाऱ्या एका आशाताईंच्या तोंडून हे वाक्य आम्ही ऐकले. कामरगाव हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. साथ ओसरल्यावर, कितीतरी महिन्यांनी, त्याच ताईंनी आम्हाला दुसरे वाक्य ऐकवले: “मले दोन दिवस सपाटून ताप होता. हात असा भरून आलता का भाकर थापता येत नोती. पन तवा सांगतलं असतं तं कोनी आलंच नसतं, भाऊ.” या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आम्हाला काही म्हणायचे आहे.

देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले ते 16 जानेवारी 2021 रोजी, आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला: डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका, रुग्णालयातील सफाई कामगार. संसर्गाचा धोका त्यांनाच सर्वाधिक होता, हे या क्रमामागचे उघड कारण. परंतु या क्रमाने त्यांच्यावर आणखी एक काम सोपवले, त्याची नोंद कुठल्याही शासननिर्णयात सापडणार नाही. लस घेणाऱ्या याच, लस घ्या म्हणून सांगणाऱ्याही याच, आणि लस निर्धोक असल्याचा पुरावा म्हणून गावापुढे उभे राहणारे शरीरही यांचेच. पुराव्याला ताप येऊन चालत नाही. म्हणून ताप आला तो घरातच राहिला.

ताप येणे यात अघटित काहीच नव्हते. टोचलेल्या जागी दुखणे, कणकण, अंग मोडून येणे, डोके ठणकणे, एकदोन दिवस गळून जाणे, हे सारे लस घेतलेल्या पुष्कळांना होते आणि बहुतेकांचे आपोआप बरे होते. कोविशील्डच्या बाबतीत हा त्रास पहिल्या मात्रेनंतर आणि तरुण वयात अधिक जाणवतो, हेही चाचण्यांतून पुढे आले होते. म्हणजे जे सांगायचे ते साधे होते. तरीही ते सांगितले गेले नाही. आशाताई ही कागदोपत्री ‘स्वयंसेविका’. तिला पगार नाही, मानधन आहे. आणि तापाच्या दिवसाचे मानधन मागायचे कोणाकडे? तेव्हा दुखणे लपवण्यामागे नुसती कर्तव्यबुद्धी होती असे म्हणणे म्हणजे त्या बाईचा गौरव करता करता तिच्यावरचा अन्याय झाकणे होय.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो आपला मानला पाहिजे असे आमचे मत आहे. आमच्या आजीच्या पिढीत लोक ‘देवी काढून’ घेत असत. दंडावर व्रण उठणार, तो पिकणार, खपली धरणार, हे त्या शब्दप्रयोगातच गृहीत होते. लस म्हणजे शरीराशी थोडी झटापट, हे त्या भाषेला ठाऊक होते. आजची आपली भाषा मात्र दोन टोकांना विभागली गेली आहे. एका टोकाला ‘लस पूर्णपणे सुरक्षित आहे’ ही जाहिरातीची भाषा, दुसऱ्या टोकाला ‘लशीने माणसे मारली’ ही अफवेची. मधल्या जागेत सरकारी मराठीतली ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ बसलेली आहे. पण त्या शब्दांनी कोणाचा हात दुखत नाही. ‘दुष्परिणाम’ म्हणावे तर त्यातला ‘दुस्’ हा उपसर्ग आधीच आरोप करून मोकळा होतो. अनुभव सांगायचा, पण आरोप करायचा नाही आणि जाहिरातही करायची नाही, अशी भाषा त्या ताईंपाशी होती. ती फक्त मागितली गेली नाही.

मागितली न जाण्याचा परिणाम आकड्यांवरही होतो. 17 मे 2021 रोजी केंद्र शासनाने, अशा घटनांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा निष्कर्ष जाहीर केला. 498 गंभीर घटना तपासल्यावर कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची शक्यता असलेले 26 रुग्ण आढळले. प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे 0.61. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा 4 आणि जर्मनीचा 10 दिला होता. धोका अत्यल्प होता, यात शंका नाही. दक्षिण आशियाई लोकांत अशा गुठळ्यांचे प्रमाण मुळातच कमी असते, असेही निवेदनात म्हटले होते. पण कोणी कळवले तरच नोंद होणार असेल, तर नोंदवहीत काय येईल हे गावातल्या माणसाला तक्रार करण्याची किती मुभा आहे यावरही अवलंबून राहते. साधा ताप सांगायलाही जिथे संकोच, तिथे आठवड्याभराने उठलेली असह्य डोकेदुखी कोण कळवणार?

या संदर्भात मुंबईचे एक जुने उदाहरण आठवते. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केल्यावर 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि त्यांनी ते लपवले नाही. पुढे 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ती 19 माणसे एकाच बाटलीतून टोचली गेली होती आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना झालेल्या हलगर्जीचा असावा, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला 1907 साल उजाडले. या कथेतून आम्ही एवढेच घेतो की, मृत्यूंची कसून चौकशी झाली म्हणूनच शेवटी लस वाचली. खोदून विचारणे हे लशीशी वैर नव्हे.

आपल्या काळात हे विचारणे न्यायालयाच्या दारात गेले. आरोग्य कर्मचारी म्हणून 28 जानेवारी 2021 रोजी लस घेतलेली, तेव्हाच्या औरंगाबादची एक तरुण डॉक्टर 1 मार्चला मरण पावली. मृत्यू लशीमुळेच झाला, असे सांगत तिच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात भरपाईसाठी याचिका केली. अशाच स्वरूपाच्या दुसऱ्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, तेव्हा अशा मृत्यूंसाठी शासनाला जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा आशय. ‘सक्ती नव्हती’ हे शब्द कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असतील. पण यादीत नाव आहे, वरिष्ठांचा फोन आला आहे आणि उद्यापासून गावाला पटवायचे आहे, अशा स्थितीतल्या परिचारिकेच्या ‘स्वेच्छे’चा अर्थ लावण्यासाठी कायद्याच्या कोशापेक्षा कादंबरीकाराची नजर लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. ताईंनी खरे सांगितले असते तर लोक खरोखरच आले नसते. तो फेब्रुवारी आठवावा: आमच्याच जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित झाले होते आणि शेजारच्या अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली होती. लशींमुळे पहिल्या वर्षात भारतात सुमारे 42 लाख मृत्यू टळले, असा अंदाज 2022 साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढ्या जिवांपुढे दोन दिवसांच्या तापाबद्दलचे मौन काय मोठे?

आमचे उत्तर असे की, ‘काही होत नाही’ हे वाक्य एकदाच खर्चता येते. ज्याला ‘काही होत नाही’ म्हणून सांगितले आणि रात्री हुडहुडी भरली, तो पुढच्या वेळी त्या ताईंचे दुसरे खरे वाक्यही ऐकणार नाही. उलट ‘ताप येईल, अंग दुखेल, मलाही झालं, दोन दिवसांत उतरलं, पण त्यानंतर डोकं फारच दुखलं, धाप लागली किंवा पाय सुजला, तर लगेच दवाखान्यात ये’ असे सांगणारी व्यक्ती लस आणि विश्वास दोन्ही राखते. 2024 साली अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात, आपल्या लशीने अतिदुर्मीळ प्रसंगी गुठळ्या होऊ शकतात असे म्हटल्याचे वृत्त आले, तेव्हा लोकांना वाटले की गुपित फुटले. वास्तविक तो धोका 2021 सालीच जाहीर झाला होता. तो लोकांच्या बोलीत तेवढा पोचला नव्हता.

म्हणून आमची विनंती मराठी विभागांतील अध्यापकांना आहे. आपले विद्यार्थी ज्या गावांतून येतात तिथे आशा, परिचारिका, वॉर्डबॉय अजून आहेत आणि त्यांना ते दिवस आठवतात. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, नावे वगळून, लिहून घ्या. प्रकल्पाच्या गुणांपुरते नव्हे. पुढची साथ येईल तेव्हा खरे कसे सांगावे, हे आपल्याला त्यांच्याकडूनच शिकायचे आहे. ‘भाकर थापता येत नोती’ या चार शब्दांत जे आले आहे ते कोणत्याही समितीच्या अहवालात येणार नाही.