फोटोवरून अळंबीचे बारसे होत नाही

सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या १५३० साली बांधलेल्या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. भोवतालच्या रानात पावसाळ्यात काय उगवते, याची नोंदही तेवढ्याच आस्थेने व्हायला हवी. कुजक्या ओंडक्यांवर, पाचोळ्यात, वारुळांवर अळंब्या येतात आणि दोन-चार दिवसांत विरून जातात. त्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात, हे चांगलेच. पण नवी जात फोटोवरून सिद्ध होत नाही. तिचा प्रमाण-नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध करावे लागते. २०१३ पासून नावाचा नोंदणी क्रमांकही घ्यावा लागतो.

वाळवलेल्या नमुन्यातून डीएनए मिळू शकतो. ताज्या छत्रीचा वास, कापल्यावर पालटणारा रंग, पाझरणारा चीक मात्र वाळवताना हरवतो. म्हणून सकाळी रानात गेलेल्या माणसाचे डोळे इथे प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहेत. वाळवी आपल्या वारुळात टर्मिटोमायसेस ही बुरशी पोसते. तिची छत्री कुठे आणि केव्हा वर येते, हे अळंबी काढणाऱ्यांइतके कोण जाणणार?

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या २०२३च्या अहवालानुसार जगात बुरशीच्या सुमारे २५ लाख जाती असाव्यात. नाव मिळाले आहे ते दीड लाखांच्या आसपास जातींना. शेजारच्या गोव्यात प्रा. डी. जयराम भट यांनी पाचोळ्यातल्या सूक्ष्म बुरशींचा आयुष्यभर माग काढला आणि पश्चिम घाटातून अनेक नव्या जाती जगापुढे ठेवल्या. पाचोळा सिंधुदुर्गातही काही कमी नाही.

२००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींना जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. तिच्यात बुरशीचे स्वतंत्र पान हवे: तारीख, जवळचे झाड, वास, रंग, स्थानिक नाव. छत्री रात्रभर कागदावर उपडी ठेवून बीजाणूंचा ठसा घ्यावा, नमुना मंद उष्णतेवर वाळवावा. वारुळाचा नेमका पत्ता मात्र जाहीर करू नये, नाहीतर पुढच्या पावसाआधीच ते उकरले जाईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींसाठीच अजरेकर हर्बेरियम आहे. तिथवर हे नमुने पोचवण्याचे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी येत्या पावसाळ्यापासून अंगावर घ्यावे आणि नमुना आणून देणाऱ्या गावकऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, संग्राहक म्हणून चिठ्ठीवर लिहावे.